अमेरिकेत फिरताना चांगला हॉट डॉग कसा शोधायचा: तयारीपासून शेवटच्या घासापर्यंत

अमेरिका फिरून आलेले बरेच जण सांगतात की हॉट डॉगमध्ये काही दम नाही. खोदून विचारलं की कळतं, तो पेट्रोल पंपावरच्या फिरत्या रुळांवर चार तास पडून असलेला होता, स्टेडियममध्ये फॉइलमध्ये गुंडाळून आलेला होता, किंवा दुकान योग्य असूनही पार्सल करून हॉटेलवर नेलेला होता. बहुतेकांची चूक क्रमात होते. आधी फोनवर तारे बघून दुकान ठरवतात, मग तिथे काय मिळतं ते बघतात आणि मांस कशाचं आहे हे सगळ्यात शेवटी विचारतात. क्रम उलटा हवा: आधी मांस, मग शहर आणि तिथला प्रकार, मग दुकान, मग वेळ आणि ऑर्डर सगळ्यात शेवटी.

## टप्पा १: मांस कशाचं चालेल ते घरूनच ठरवा

आपल्याकडच्या प्रवाशांची सगळ्यात जास्त गडबड इथे होते. अमेरिकेतले नावाजलेले हॉट डॉग ढोबळमानाने दोन गटांत मोडतात: शंभर टक्के बीफचे, आणि बीफ-पोर्कच्या मिश्रणाचे. शिकागो आणि न्यूयॉर्क प्रामुख्याने पहिल्या गटात. डेट्रॉइट, रोड आयलंड आणि न्यू जर्सीचा बराच भाग दुसऱ्या गटात. कुटुंबातल्या प्रत्येकाला काय चालतं ते आधी विचारून घ्या. काउंटरसमोर, मागे रांग ताटकळत असताना ही चर्चा होत नाही.

काही गोष्टी डोक्यात पक्क्या असू द्या:

- ‘कोशर’ (ज्यू धर्माच्या आहारनियमांनुसार) लिहिलं असेल तर पोर्क नाही एवढं नक्की. पण तो बहुतेक वेळा बीफचाच असतो.
- ‘हलाल’ गाडीवर पोर्क नसतं. बीफ की चिकन, ते विचारावंच लागतं.
- चिकन किंवा टर्कीच्या सॉसेजचं बाहेरचं आवरण दुसऱ्या प्राण्याचं असू शकतं. शंका असेल तर पाकीट दाखवायला सांगा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असते, आणि आवरण वेगळ्या प्राण्याचं असेल तर तेही लिहावं लागतं.
- वर घालायच्या खिमा-सॉसमध्ये बीफ असतं. त्यामुळे सॉसेज टर्कीचं घेऊन वर ‘चिली’, म्हणजे हाच खिमा-सॉस, घातली की बीफ टाळण्याचा उद्देशच संपला. मिशिगनमधल्या फ्लिंटच्या कोरड्या सॉसमध्ये तर बीफ हार्ट असतं.

शाकाहारी मंडळींनी सिअ‍ॅटलचा विचार करावा. तिथल्या गाड्यांवर क्रीम चीज आणि तव्यावर परतलेला कांदा घालून हॉट डॉग देतात आणि शाकाहारी सॉसेजही सहज मिळतं. मात्र तवा बहुधा एकच असतो. वेगळा भाजून हवा असेल तर पैसे देण्याआधी सांगा.

सावधान: चार वर्षांखालच्या मुलांना हॉट डॉगच्या गोल चकत्या कधीही देऊ नका, घशात अडकतात. सॉसेज आधी उभं चिरा, मग बारीक तुकडे करा. गरोदर स्त्रियांनी सॉसेज आतपर्यंत वाफाळतं, म्हणजे ७४ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेलं असल्याशिवाय खाऊ नये.

## टप्पा २: शहर बघून प्रकार निवडा

शिकागोत राहून चिली डॉग शोधू नका आणि डेट्रॉइटमध्ये टोमॅटो-काकडी मागू नका. प्रत्येक शहराचा स्वतःचा एक प्रकार असतो, आणि तिथल्या दुकानदाराचा हात त्यावरच बसलेला असतो.

शिकागो. पहिल्यांदाच जात असाल तर आमचं मत सरळ शिकागोला. शंभर टक्के बीफचं सॉसेज गरम पाण्यात किंवा वाफेवर तापवलेलं, खसखस लावलेला वाफवलेला बन, आणि वर पिवळी मस्टर्ड, भडक हिरवं गोडसर रेलिश म्हणजे बारीक चिरलेलं लोणचं, बारीक चिरलेला कांदा, टोमॅटोच्या फोडी, लोणच्यातल्या काकडीची लांब फाक, ‘स्पोर्ट पेपर’ म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरलेल्या छोट्या तिखट मिरच्या आणि शेवटी सेलरी सॉल्ट, म्हणजे सेलरीच्या बियांची पूड मिसळलेलं मीठ. सात गोष्टी. केचप यात नाही आणि मागायचंही नाही, कारण रेलिश आणि टोमॅटोचा गोडवा आधीच पुरेसा असतो. केचपने मिरची आणि सेलरी सॉल्ट दोन्ही दबतात. बहुतेक दुकानं १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनातून पुढे आलेल्या व्हिएन्ना बीफ कंपनीचं सॉसेज वापरतात.

याच शहराची एक साधी शाखाही आहे. ओ’हेअर विमानतळापासून जवळ, रिव्हर ग्रोव्हमधल्या जीन अँड ज्यूड्समध्ये टोमॅटो नाही, केचप नाही, बसायला खुर्च्या नाहीत. मस्टर्ड, रेलिश, कांदा, मिरच्या आणि वर ताज्या बटाट्याच्या फ्राइजचा ढीग, सगळं एकाच कागदात गुंडाळून. १९४८ पासून चालणाऱ्या सुपरडॉगमध्ये गाडीत बसून ऑर्डर द्यायची असते आणि हॉट डॉग फ्राइजसकट खोक्यात येतो. खोक्यात वाफ कोंडते, म्हणून तो हातात पडताच उघडायचा.

न्यूयॉर्क. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. निळ्या-पिवळ्या छत्रीच्या गाडीवरचा हॉट डॉग गरम पाण्यातून काढलेला असतो. त्यावर तपकिरी मस्टर्ड, सावरक्राउट म्हणजे आंबवलेला कोबी, किंवा टोमॅटोच्या रश्शात शिजवलेला कांदा. दुकानातला मात्र तव्यावर भाजलेला असतो, आणि तो वरचढ. ब्रॉडवे आणि ७२ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचं ग्रेज पपाया, किंवा कोनी आयलंडला सर्फ अ‍ॅव्हेन्यूवरचं १९१६ सालचं मूळ नेथन्स. वेळ एकाच हॉट डॉगपुरता असेल तर दुकान गाठा, गाडी सोडा.

न्यू जर्सी. एडिसन-पार्सिपनीकडे नातेवाइकांकडे उतरणारे आपले खूप लोक आहेत, आणि ते हॉट डॉगसाठी मॅनहॅटनला धावतात. क्लिफ्टनमधलं रट्स हट तिथून गाडीने तासाभराच्या आत आहे. तिथे सॉसेज तेलात तळतात, इतकं की साल फाटते, म्हणून त्याला ‘रिपर’ म्हणतात. कमी तळलेला ‘इन अँड आउटर’, जास्त तळलेला ‘वेलर’ आणि काळा पडेपर्यंत तळलेला ‘क्रिमेटर’. पहिल्यांदा रिपरच घ्या. वर तिथलंच पिवळं, मोहरी-कोबीचं रेलिश. हे सॉसेज बीफ-पोर्क मिश्र आहे, टप्पा १ विसरू नका.

बाकीची थोडक्यात. डेट्रॉइट: बिनबीन्सची पातळ चिली, मस्टर्ड, कच्चा कांदा. सिनसिनाटी: छोटं सॉसेज, दालचिनीच्या वासाची चिली आणि त्यावर किसलेल्या चेडरचा डोंगर. रोड आयलंडमधलं प्रॉव्हिडन्स: छोटे ‘वीनर’ म्हणजे सॉसेज, खिमा-सॉस, मस्टर्ड, कांदा, सेलरी सॉल्ट, ‘ऑल द वे’ म्हणायचं आणि सोबत कॉफी मिल्क, म्हणजे कॉफीचं सिरप घातलेलं दूध. अ‍ॅरिझोनातलं टूसान: बेकनमध्ये गुंडाळून भाजलेलं सॉसेज, मऊ मेक्सिकन बोलिओ पाव, पिंटो बीन्स, टोमॅटो, कांदा, मेयोनेज, हलापेन्यो साल्सा आणि शेजारी भाजलेली पिवळी मिरची. तिथल्या एल ग्वेरो कनेलोला २०१८ मध्ये जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा अमेरिकाज क्लासिक्स पुरस्कार मिळाला. बेकन म्हणजे पोर्क, त्यामुळे सॉसेज कशाचंही असो, पोर्क टाळणाऱ्यांसाठी हा प्रकार बाद.

सावधान: नावांवर जाऊ नका. ‘कोनी’ डॉग, म्हणजे डेट्रॉइटसारखा चिलीवाला हॉट डॉग, मिशिगनचा, न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडचा नाही. ‘न्यूयॉर्क सिस्टिम’ नावाची वीनरची दुकानं रोड आयलंडमध्ये सापडतात, ‘टेक्सास वीनर’ न्यू जर्सीत, आणि ‘मिशिगन’ नावाचा हॉट डॉग न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला प्लॅट्सबर्गला.

## टप्पा ३: नकाशावर तीन दुकानांची यादी करा

‘बेस्ट हॉट डॉग’ असं शोधलं की आधी येतात पर्यटकांची ठिकाणं. स्थानिक शब्दाने शोधा: शिकागोत ‘रेड हॉट्स’, डेट्रॉइटला ‘कोनी आयलंड’, प्रॉव्हिडन्सला ‘न्यूयॉर्क सिस्टिम’, टूसानला ‘सोनोरन’ किंवा ‘डोगोस’.

मग प्रत्येक दुकानाबद्दल या क्रमाने बघा.

१. गेल्या दोन-तीन महिन्यांत लोकांनी टाकलेले फोटो. दुकानाने स्वतः टाकलेले नकोत. बन ओला होऊन फाटलेला दिसतो का, सॉसेज बनच्या टोकांपर्यंत पोचतं का, ते इथेच कळतं.

२. मेन्यूच्या फलकाचा फोटो. ज्या दुकानात हॉट डॉग, फ्राइज, पोलिश सॉसेज आणि एवढंच आहे, तिथे सॉसेज पाण्यात पडून राहत नाही. पिझ्झा, रॅप, सॅलड, सुशी असलेल्या फलकावर हॉट डॉग कोपऱ्यात असेल तर तो स्वयंपाकघरातही कोपऱ्यातच असतो.

३. प्रतिक्रियांमध्ये ‘स्नॅप’ (साल तटकन तुटणं), ‘नॅचरल केसिंग’ (प्राण्याच्या आतड्याची साल), ‘स्टीम्ड बन’ (वाफवलेला बन) हे शब्द शोधा. सरासरी ताऱ्यांपेक्षा याचा उपयोग जास्त. कमी तारे बऱ्याचदा पार्किंग, रांग किंवा केचप न दिल्याच्या रागाचे असतात.

४. उघडण्याची वेळ आणि सुट्टीचा वार. जुनी कौटुंबिक दुकानं आठवड्यातून एक-दोन दिवस बंद असतात. निघायच्या दिवशी सकाळी पुन्हा बघा.

शिकागोत व्हिएन्ना बीफची पाटी शेकडो दुकानांवर दिसते. त्यावरून माल कुणाचा ते कळतं, दुकानदार तो कसा हाताळतो ते नाही.

तपासा: तीनही दुकानं एकाच बाजूला आहेत ना? शहराच्या दोन टोकांना असतील तर दिवस रस्त्यात जातो. दोन जवळची ठेवा, तिसरं पर्याय म्हणून.

## टप्पा ४: वेळ, पैसे आणि पोट

गर्दीच्या वेळी जा. रांग टाळायला दुपारी चार वाजता जाणं ही सर्रास होणारी चूक आहे. वडापावच्या गाडीवर घाणा उतरत असताना उभं राहणं आणि परातीत गार पडलेला वडा उचलणं यात जेवढा फरक, तेवढाच इथेही आहे. दुपारी साडेअकरा ते दीड या वेळात सॉसेज पाण्यात फार टिकत नाही आणि बनची पाकिटं सतत उघडली जात असतात. टूसानच्या गाड्यांसाठी मात्र संध्याकाळ.

वीस डॉलर सुट्ट्या नोटांत ठेवा. काही जुन्या दुकानांत आणि गाड्यांवर कार्ड चालत नाही. फलकावरच्या दरात विक्रीकर धरलेला नसतो. न्यूयॉर्कच्या गाडीवर दर लिहिलेला दिसला नाही तर हॉट डॉग हातात घेण्याआधी विचारा, नाहीतर पर्यटक बघून आकडा वाढतो. तिथे गाडीवर आरोग्य खात्याने दिलेल्या श्रेणीचं अक्षर लावलेलं असतं. ‘ए’ असेल तिथेच थांबा.

नाश्ता हलका, आणि एका दिवसात माणशी दोनच हॉट डॉग. एका साध्या सॉसेजमध्येच साधारण ५०० मिलिग्रॅम सोडियम असतं. वर लोणचं, रेलिश आणि सेलरी सॉल्ट आलं की तिसऱ्याला जिभेला मिठाशिवाय काही कळत नाही.

## टप्पा ५: रांगेत उभं राहून काउंटर वाचा

पैसे देण्याआधीची ही पाच मिनिटं सगळ्यात महत्त्वाची. तुमच्या पुढच्या गिऱ्हाइकांचे हॉट डॉग कसे बनतात ते बघा.

सॉसेज कशात आहे? पाण्यात असेल तर पाणी उकळत नसावं. ७५ ते ८२ अंश सेल्सिअसवर पाण्यातून वाफ येते, पण बुडबुडे फुटत नाहीत. खळखळ उकळत्या पाण्यात साल फाटते, चरबी आणि मीठ पाण्यात उतरतं, आणि उरतं ते फिकट, रबरी मांस. पाण्यावर चरबीचा जाड तवंग आणि टोकं फुटलेली सॉसेजेस दिसली की रांग सोडा. तव्यावर असेल तर सालीवर तपकिरी डाग आणि किंचित फुगवटा हवा. सुरकुत्या पडल्या असतील तर ते बराच वेळ कडेला पडून आहे. रुळांवरचं सॉसेज घ्यायचीच वेळ आली तर चमकदार, घट्ट सालीचं मागा. कोरडं, गडद पडलेलं नको.

साल कुठली आहे? नॅचरल केसिंगचं सॉसेज किंचित वाकडं असतं आणि टोकाशी पीळ किंवा चुणी दिसते. ती साल दाताखाली तटकन तुटते आणि आतला रस एकदम सुटतो. बिनसालीचं सॉसेज सरळ रेषेत, दोन्ही टोकांना सारखं गोल, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत मऊ. प्रॉव्हिडन्सचा अपवाद लक्षात ठेवा: तिथले वीनर लांब दोरीतून कापतात, म्हणून टोकं उघडी आणि सपाट असतात, तरी साल असते.

बनचं काय करतात? वाफवलेला बन पेटीतून काढल्या काढल्या भरला जायला हवा. दहा बन आधीच उघडून काउंटरवर मांडून ठेवलेले असतील तर ते वरून कोरडे आणि खालून ओले होतात. न्यू इंग्लंडमध्ये बन वरून चिरलेला असतो आणि त्याच्या बाजू लोणी लावून तव्यावर भाजतात. तिथे न भाजलेला बन मिळाला तर परत द्यायला संकोच करू नका.

तपासा: ‘कुणाचं सॉसेज वापरता, नॅचरल केसिंग आहे का?’ हा प्रश्न विचारा. चांगला दुकानदार क्षणात उत्तर देतो. पाकीट बघायला आत जावं लागलं, तर त्याचं लक्ष दुसऱ्या पदार्थांवर आहे.

## टप्पा ६: ऑर्डर

आकारापासून सुरुवात करा. अमेरिकेत सॉसेज पाउंडामागे किती बसतात त्यावर मोजतात. ‘एट टू वन’ म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये आठ, एक साधारण ५७ ग्रॅमचं. ‘सिक्स टू वन’ ७६ ग्रॅमचं, आणि ‘क्वार्टर पाउंडर’ ११३ ग्रॅमचं. मोठं ते चांगलं, असं समजून लोक जम्बो घेतात आणि तिथेच फसतात. जाडी वाढली की सालीचं प्रमाण घटतं, मध्यभाग नीट तापत नाही, आणि बन व वरचे पदार्थ त्याला पुरे पडत नाहीत. एट टू वन घ्या.

मग स्थानिक पद्धतीने, काहीही न बदलता: ‘वन विथ एव्हरीथिंग’. शिकागोत या एका वाक्यात टप्पा २ मधल्या सातही गोष्टी येतात, डेट्रॉइटमध्ये चिली, मस्टर्ड आणि कांदा. कांदा नको, मिरची जास्त, चीज घाला, असले बदल दुसऱ्या हॉट डॉगला करा. दोघं असाल तर दोन वेगळे प्रकार घेण्याऐवजी एक संपूर्ण आणि एक फक्त मस्टर्डचा घ्या. दुसऱ्यावरून सॉसेजची खरी चव कळते; पहिल्यावर सात गोष्टींच्या आड खराब सॉसेजही लपून जातं.

सावधान: शिकागोत ‘पोलिश’ मागितलं तर हॉट डॉग येत नाही. जाड, लसणाच्या चवीचं वेगळं सॉसेज येतं, बहुधा परतलेल्या कांद्यासह. त्यात पोर्क आहे का ते दुकानागणिक विचारा.

## टप्पा ७: खाणं

पार्सल नको. वाफवलेला बन कागदात पाच मिनिटं राहिला की पाणी सुटतं, दहा मिनिटांनी तळ फाटतो. फोटो एकच काढा. जागा नसेल तर गाडीच्या बॉनेटवर ठेवून खातात, त्यात कुणाला काही वाटत नाही.

पहिला घास टोकाचा नको, टोकाला नुसता बन किंवा नुसतं सॉसेज येतं. दोन घास आत जाऊन तिथे चव ठरवा. काकडीची फाक दातांनी ओढली की सगळी बाहेर येते. कागदावरूनच ती बोटाने दाबून धरा. स्पोर्ट पेपर एकदम चावू नका, आत व्हिनेगर भरलेलं असतं आणि ते थेट शर्टावर उडतं. शिकागोच्या हॉट डॉगला काटा-चमचा लागत नाही. डेट्रॉइट आणि सिनसिनाटीच्या चिलीला मात्र लागतो, आणि स्थानिक लोकही तो वापरतात.

सॉसेज आतून कोमट लागलं तर तिथल्या तिथे परत द्या आणि बदलून मागा. खाऊन झाल्यावर तक्रार करण्यात अर्थ नाही.

## टप्पा ८: दुसरं दुकान, तीच ऑर्डर

एका दुकानावरून शहराबद्दल मत बनवू नका. दोन दुकानांत अगदी एकच ऑर्डर द्या आणि फक्त चार गोष्टी टिपा: साल तुटली का, सॉसेज मध्यभागी गरम होतं का, बन शेवटच्या घासापर्यंत टिकला का, आणि वरच्या पदार्थांतली कुठली एक चव बाकीच्यांवर चढली. ‘मस्त होता’ एवढंच लिहून ठेवलं तर पुढच्या शहरात त्याचा काही उपयोग होत नाही.

या पद्धतीने शिकायला डेट्रॉइटइतकं सोयीचं ठिकाण दुसरं नाही. अमेरिकन कोनी आयलंड आणि लफायेत कोनी आयलंड ही दोन दुकानं एकमेकांना खेटून आहेत. दोन्हीकडे ‘वन विथ एव्हरीथिंग’ मागा, मध्ये फक्त पाणी प्या, फ्राइज नकोत. सॉसची दाटी, मस्टर्डचं प्रमाण, सालीचा ताण, सगळं दहा मिनिटांच्या अंतराने जिभेवर येतं. तिसरा खायचा असेल तर जे दुकान आवडलं तिथेच परत जा आणि या वेळी चिली वेगळ्या वाटीत मागा.